ऑरिनचा चौथा गुन्हा

लिटल टॅमरॅक, १६ जानेवारी

ऑरिन,

अभिनंदन. मार्लिसचा फोन आला होता. काल म्हणे भर कोर्टात तुला उभं केलं, तू म्हणालास, 'नव्वद दिवस', आणि जज्जापासून दारावरच्या शिपायापर्यंत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर चॉकलेट दिलं. बावन्न वर्षांचा घोडा तू! आपल्या आईने बहात्तर वर्षांत दारूचा थेंब तोंडाला लावला नाही, तिला कुणी साधी शाबासकी दिली नाही. तिचंच चुकलं. आधी तीनदा पिऊन गाडी ठोकायची, मग थांबायचं, म्हणजे लोक कौतुक करतात.

मार्लिसला सगळं फार गोड वाटतं. तिला चुलतभावाचा अभिमान वाटतो म्हणे. कोर्टाने तुम्हाला ठेवलंय त्या घराचे नियम तिने मला सांगितले. रोज पहाटे एका नंबरावर फोन करायचा. तिकडे एक बाई रंग सांगते. तुझा रंग हिरवा. ज्या दिवशी हिरवा निघेल त्या दिवशी सकाळी आठच्या आत तपासणीला जायचं आणि एका पुरुषाच्या समोर बाटलीत लघवी करायची. मी मार्लिसला म्हटलं, याला कायदा म्हणतात की बालवाडी? ती म्हणाली, 'व्हर्ना, तुरुंगापेक्षा बरं.' तिचंही खरं आहे. तुरुंग म्हणजे दोन वर्षं, आणि दारू सोडली तर शिक्षा थांबवणारं हे उपचार-कोर्ट म्हणजे दीड वर्षाचं रंगीत नाटक.

ते जाऊ दे. मला राग कशाचा आला ते सांगते. तुझ्या त्या समुपदेशक बाईने, ओड्राने, तुम्हा सगळ्यांना एक यादी करायला लावली. कुणाला भेटायचं नाही, कुणापासून लांब राहायचं. तुझ्या यादीत पहिलं नाव माझं आहे. मला वाटलं कोर्टाने घातलं असेल. मार्लिस म्हणाली, नाही, त्यानेच घातलं, स्वतःच्या हाताने. कारण काय लिहिलंस? 'पिते.' सव्वीस वर्षं शाळेची बस चालवतेय मी, ऑरिन. बसला ओरखडा नाही. बर्फात, धुक्यात, हरणं आडवी येतात तेव्हाही. आणि मी धोकादायक, तू पवित्र!

भेटायची बंदी आहे, फोनची बंदी आहे, पत्राला नाही. पत्राला वास येत नाही म्हणून असेल.

उत्तर नको लिहूस. तुझं अक्षर तसंही वाचवत नाही.

व्हर्ना


९ फेब्रुवारी

ऑरिन,

उत्तर नको म्हटलं होतं, आणि तू उत्तर पाठवलंस ते हे! टाइप केलेलं. खाली सही. वर कोपऱ्यात ओड्राबाईंचा शिक्का, 'वाचले'. चार महिने तोंडातून शब्द नाही, आणि जो आला तो शिक्का मारून.

'प्रिय व्हर्ना, ७ सप्टेंबर रोजी मी दारू पिऊन गाडी चालवली आणि तुझा जीव धोक्यात घातला. या कृत्याची पूर्ण जबाबदारी मी घेतो. तू मला क्षमा करावीस अशी अपेक्षा नाही.'

मी हे स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि हसायलाच लागले. मग हसू थांबलं. तुला शरम कशी वाटली नाही? मला क्षमा मागतोस? तू? ही माझी पत्रं तिकडे कुणी उघडत नाही, मार्लिसने मुद्दाम विचारून घेतलंय, म्हणून आता स्पष्टच लिहिते.

गाडी मी चालवत होते, ऑरिन.

तुला माहीत आहे. मला माहीत आहे. तिसरं कुणी असेल तर ती टेश शेतकऱ्याची वासरं, आणि त्यातली दोन मेली. रविवार होता, दुपारचे साडेतीन. रॉलीच्या बारमध्ये फुटबॉलचा सामना बघितला, आपण हरलो. माझ्या चार ब्रँडी झाल्या होत्या, तुझ्या किती ते देव जाणे. किल्ली मी घेतली, कारण आपल्या दोघांत शुद्धीवर मी होते असं मला वाटत होतं. टेशच्या वळणावर गाडी रस्ता सोडून शेतात शिरली आणि वासरांच्या ओळीने ठेवलेल्या त्या पांढऱ्या खोपट्यांमधून आरपार गेली. प्लॅस्टिक फुटल्याचा आवाज झाला, आणि मग वासरांचा.

आणि तू म्हणालास, 'सरक.'

किती शांतपणे म्हणालास! जणू सोफ्यावर जागा हवी होती. म्हणालास, 'माझी ही तिसरी वेळ. पंचेचाळीस दिवस. झोपायला तुरुंगात, दिवसा चीजच्या कारखान्यात. हरणांच्या शिकारीपर्यंत मोकळा. तुझी पहिली असेल, पण तुझी बस जाईल.' मी सरकले. एकदा 'नको' म्हटलं, असं मी स्वतःला सांगते. म्हटलं का, ते तुलाच ठाऊक. शेरीफचा माणूस अकरा मिनिटांनी आला. तोवर तू स्टिअरिंगमागे बसून कपाळावरचं रक्त पुसत होतास, आणि मी शेजारच्या सीटवर बिचारी बहीण झाले होते.

तू गणितात कच्चा, हे शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. पण स्वतःचे गुन्हेसुद्धा मोजता येऊ नयेत? शेजारच्या आयोवा राज्यातला विसरलास! सत्त्याण्णव साली तिकडे मक्याच्या कारखान्यात होतास, पकडलं, दंड भरला, परत आलास. तुला वाटलं, आयोवातलं आयोवात राहिलं. सरकारी वकिलाने पाच मिनिटांत शोधून काढलं. तिसरी नाही, चौथी. आणि आपल्या विस्कॉन्सिनमध्ये तिसरीपर्यंत काउंटीचा छोटा तुरुंग, चौथीला मोठा गुन्हा, मोठा तुरुंग, जन्मभर बंदूक नाही, म्हणजे शिकारही नाही. त्याऐवजी माझी पहिली वेळ धरली असती तर काय झालं असतं ठाऊक आहे? पावती. या राज्यात पहिल्यांदा पिऊन गाडी चालवणं हा गुन्हासुद्धा नाही, पार्किंग चुकल्यासारखी पावती मिळते. बसचा परवाना गेला असता, तो भाग वेगळा. पण तुरुंग? छे. एका पावतीसाठी आपण दोन वर्षांची कैद विकत घेतली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तू संन्यासी नव्हेस, ते सोड.

आणि हा हिशोब तुझा होता. माझ्या डोक्यावर नको ठेवूस.

पुन्हा माझी क्षमा मागू नकोस.

व्हर्ना


२० मार्च

ऑरिन,

काल मी आले होते. शेवटच्या बाकावर, खांबाच्या मागे. तू पाहिलं नाहीस, किंवा पाहून पाहिलं नाहीस. कोर्ट सगळ्यांना खुलं आहे, तुझ्या यादीने मला अडवता येत नाही. दुपारची फेरी दुसऱ्याला दिली आणि चाळीस मैल आले, म्हटलं सर्कस डोळ्यांनी बघावी.

बघितली. जज्ज हॅव्हर्टींच्या काळ्या झग्याखाली निळे बूट आहेत, पळायचे. प्रत्येकाला विचारतात, 'किती दिवस?' एक म्हणतो चौदा, टाळ्या. एक म्हणतो तीनशे, टाळ्या. सारखीच टाळी, म्हणजे तीनशेवाल्याने काय कमावलं? मग काचेच्या वाडग्यातून चिठ्ठी काढायची, त्यात कॉफीचं कूपन. ती हिरव्या केसांची पोरगी रंगाचा फोन करायला विसरली तर तिला तिथल्या तिथे हातकड्या घालून दोन दिवस आत. आणि निघताना तिलाही टाळ्या! 'तू परत येशील, आम्ही आहोत.' मला वाटलं, ही माणसं जेवायला बसली तरी भाकरीसाठी टाळ्या वाजवत असतील.

मग तुझी पाळी आली.

"काय ऑरिन, आठवडा कसा गेला?"

"ठीक, साहेब."

"ओड्रा म्हणते, त्या दिवसावरचा तुझा लेख परत तसाच आलाय."

"चार ओळी लिहिल्या साहेब."

"वाचतो. 'प्यायलो. गाडीत बसलो. वासरांवर घातली. वाईट वाटलं.'" जज्जांनी कागद खाली ठेवला. "एवढं तर पोलिसांच्या कागदातही आहे. मला स्टिअरिंगमागे बसलेला माणूस हवाय. काय दिसत होतं? पाय कुठे होता? पहिलं खोपटं आलं तेव्हा काय केलंस?"

"आठवत नाही, साहेब."

"सहा महिने तू हेच म्हणतोयस. इतके प्यायला नव्हतास, तुझे आकडे आहेत माझ्यासमोर. तू विसरला नाहीस, लपवतोयस. इथे पडलात तर चालतं, पुन्हा प्यायलात तरी एकदा निभावतं. खोटं बोललात तर चालत नाही. हा लेख झाल्याशिवाय पुढची पायरी नाही. तेवीस एप्रिलला तू तो इथे उभा राहून वाचशील. नाहीतर थांबवून ठेवलेली शिक्षा सुरू. दोन वर्षं. कळलं?"

"कळलं साहेब."

तू मान खाली घालून उभा होतास. लहानपणी खिडकी फुटली की असाच उभा राहायचास, फोडली नसलीस तरी.

मूर्खा! तू लिहिणार कुठून? तू स्टिअरिंगमागे नव्हतासच. तू दारावर डोकं टेकून बसला होतास. शंभर खोटी माणसं त्या खोलीत असतील, प्रत्येकाने लिहून दिलं असतं, रडून दाखवलं असतं. आणि तू, ज्याने पोलिसांना, वकिलाला, जज्जाला एकच थाप मारली, तुला दुसरी मारता येईना. तू खोटारडासुद्धा अर्धवटच.

बाहेर व्हरांड्यात तुझ्या ओड्राने मला गाठलं. जाड चष्मा, विटलेला स्वेटर, हातात गाजराचे तुकडे. तिथेच उभी राहून खात होती.

"तुम्ही ऑरिनच्या बहीण ना? त्या दिवशी गाडीत होतात."

"होते."

"तो काहीतरी गिळून बसलाय. तुम्हाला आठवतं का काही? वळणावर काय झालं?"

"मी डोळे मिटले होते," मी म्हटलं.

ती गाजर चावत माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." तो एक शब्द मला चाळीस मैल पुरला.

तेवीस एप्रिल. पाच आठवडे. काहीतरी सुचव तुझ्या रिकाम्या डोक्याला.

व्हर्ना


२ एप्रिल

ऑरिन,

मार्लिस म्हणते तू कपडे आवरून ठेवलेस. आवर! तुरुंगात स्वतःचे कपडे घालू देत नाहीत, एवढंही तुला सांगायला हवं का?

खाली लिहिलंय ते तुझ्या अक्षरात उतरवून काढ. काटछाट करू नकोस, सुधारू नकोस, तुला तेही जमणार नाही. हे झालं की आपण मोकळे. तू माझं काही देणं लागत नाहीस, मी तुझं काही देणं लागत नाही.

'किल्ली मी घेतली. माझ्या हातून ती एकदा पडली. मी उचलली आणि कुणी पाहिलं का ते बघितलं. म्हणजे तेव्हा मला कळत होतं.

ऊन होतं. काच मळकी होती. मी पाणी मारलं, ते सुकेपर्यंत थोडं पुसट दिसत होतं, आणि मला ते आवडलं. रस्ता मऊ दिसत होता. मी गाणं गुणगुणत होतो. शेजारी माझं माणूस डोकं टेकून झोपलं होतं आणि मला वाटत होतं, मी किती जबाबदार आहे, मी याला घरी नेतोय.

टेशच्या वळणाला वेग पंचावन्न होता. रोज मी ते वळण तिसाने घेतो. हात रोजच्यासारखा वळला, पण उशिरा. खडी लागली. खडीचा आवाज आला तेव्हा ब्रेक दाबायला वेळ होता. तीन सेकंद तरी होते. मी दाबला नाही. मला वाटलं, मी सावरीन. पंचवीस वर्षं मी प्रत्येक वेळी सावरलं होतं. रोज थोडी घेऊनही सावरलं होतं. लोकांना कळलं नव्हतं, म्हणून मला वाटत होतं की काही नव्हतंच.

पहिलं खोपटं पांढरं होतं आणि त्याच्या दारात वासरू उभं होतं. त्याला मी दिसलो. ते बाजूला झालं नाही, त्याच्या गळ्यात साखळी होती. मी त्याच्याकडे बघत होतो आणि पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता. आवाज झाल्यावर काढला.

नंतर मला वासरांचं वाईट वाटलं नाही. आधी हे वाटलं की आता सगळ्यांना कळेल.'

संपलं. एवढं पुरे त्यांना.

मी हे एका बैठकीत लिहिलं. मध्ये उठले नाही, काही घेतलं नाही, कॉफीसुद्धा नाही. लिहून झाल्यावर हात थरथरत होता. तो पिण्याने थरथरतो की न पिण्याने, ते आता मला सांगता येत नाही.

उतरवलंस की हा कागद जाळ.

व्हर्ना


२४ एप्रिल

ऑरिन,

काल पुन्हा आले होते. या वेळी खांबाच्या मागे नाही.

तू वाचलंस. मला वाटलं होतं अडखळशील, रडशील, नाटक करशील. तू सरळ वाचलंस, हवामान वाचतात तसं. 'त्याला मी दिसलो' इथे आलास आणि थांबलास. जज्ज म्हणाले, 'वेळ घे.' तू वेळ घेतलास. हिरव्या केसांची पोरगी परत आलीय, ती तोंडावर हात ठेवून ऐकत होती. आणि शेवटचं वाक्य तू मान वर करून म्हटलंस, माझ्याकडे बघून. 'आता सगळ्यांना कळेल.'

जज्ज हॅव्हर्टी म्हणाले, 'या वर्षात या खोलीत मी ऐकलेलं हे सगळ्यात खरं लिखाण.' मग उठून उभे राहिले. सगळे उठले. ओड्राने चष्मा काढून पुसला. टाळ्या थांबेचनात.

मीही वाजवल्या. न वाजवून कसं चाललं असतं? मी बहीण होते.

तर आता तू तिसऱ्या पायरीवर, तुरुंग टळला, आणि माझं काम झालं. मी तुला हे सांगायला लिहिलं की मला आनंद झाला. तो झाला नाही. अठ्ठावन्न वर्षांत मी एकदाच पूर्ण खरं बोलले आणि त्याच्यावर सही तुझी. लोक रडले ते तुझ्याकडे बघून. मी त्यांना सात महिने हसतेय, बालवाडी म्हणतेय, आणि काल मला त्या बाकावर बसून एवढंच वाटत होतं की त्यांनी मला विचारावं. किती दिवस, व्हर्ना? माझ्याकडे सांगायला आकडा नव्हता. परवा रात्रीसुद्धा घेतली होती.

मी लबाड आहे, ऑरिन. भित्री पण आहे. लबाड असल्याची मला लाज नव्हती, भित्री असल्याची आहे.

मी जज्जांना भेटणार आहे. सगळं सांगणार. तुझा चौथा गुन्हा तुझा नव्हता, माझा पहिला होता, पावतीचा. जे व्हायचं ते होऊ दे. बस गेली तर जाऊ दे. पोलिसांशी खोटं बोलल्याबद्दल मला काय करतील ते करोत. तू सुटशील. याहून जास्त मी कुणासाठी काही केलं नसेल, आणि तुला तरी ते मान्य करावंच लागेल.

पुढच्या गुरुवारी जाते.

व्हर्ना


१९ मे

ऑरिन,

मी गुरुवारी गेले नाही. त्याच्या आदल्या दिवशी तुझं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, शिक्का नाही. इतकं वाईट अक्षर मी दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा. तुझे शब्द तुलाच परत लिहून पाठवते, म्हणजे तुला कळेल तू काय मागितलंस.

'व्हर्ना, जाऊ नकोस. मी ओड्राला असंच विचारून पाहिलं, समजा इथला एखादा माणूस शेवटच्या गुन्ह्यात निर्दोष निघाला तर? ती म्हणाली, मग तो आमचा नाही, हे घर, हे कोर्ट फक्त चौथीवाल्यांसाठी. केस परत जाईल, तो दुसऱ्या दिवशी रस्त्यावर. मला आज एकशे त्र्याण्णव दिवस झाले. याआधी माझे सगळ्यात जास्त होते नऊ. तू म्हणतेस बालवाडी. असेल. मला बालवाडीच जमते. त्या दिवशी गाडी मी चालवली नाही, पण बाकी किती वेळा चालवली, कुणाला मारलं नाही ते नशीब. मला इथून सोडवू नकोस.

मी सरक म्हणालो ते तुझ्या बससाठी. ते मी चुकलो. आयोवा विसरलो ती चूक नव्हे, ती नुसती विसरभोळेपणाची गोष्ट. ही चूक. मी तुझ्या बसच्या मागून कितीदा आलोय. सोमवारी सकाळी तू कडेच्या पांढऱ्या रेषेवर चाक घालत जातेस. मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू माझंही काढलं असतंस. तुला माझ्यासाठी काही करायचं असेल तर बस सोड. एवढंच. दुसरं काही नको.'

मी तुला शिव्या दिल्या. मोठ्याने, घरात एकटीच. म्हटलं, म्हणजे ज्या बससाठी तू गेलास तीच सोड म्हणतोस? मग हे सगळं कशाला? मी माझं सगळं ताटात वाढून आणलं आणि साहेब म्हणतात मला भूक नाही, फक्त ते मीठ दे. माझा मोठेपणा तुला नको. माझं बलिदान नको. तुला हवं काय, तर माझ्या पेन्शनला चौदा महिने राहिले असताना मी गुपचूप, कुणाच्या टाळ्यांशिवाय, घरी बसावं.

तीन आठवडे मी उत्तर दिलं नाही. बस चालवली. पांढऱ्या रेषेवर लक्ष ठेवलं. तू खोटं लिहिलं नव्हतंस.

काल डेपोत गेले. साहेबाच्या खुर्चीत डुएन रुड आहे, तुला आठवत असेल, शाळेत तुझ्या पुढे दोन वर्षं. मी राजीनाम्याचा कागद भरून त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो चष्म्याच्या वरून वाचला.

"व्हर्ना, वेड लागलं का तुला? सव्वीस वर्षं झाली, अजून एक काढ."

"नाही काढत."

"आणि हे कारणाच्या जागी काय लिहिलंयस?"

"वाच की."

"'पिते.'" तो हसला. खरंच हसला, टेबलावर हात आपटून. "अगं, इथे कोण पीत नाही? मी पितो. आपला पाद्री पितो, त्याची बायको त्याच्याहून जास्त पिते. असलं लिहू नकोस, मला वर पाठवावं लागतं. 'घरगुती कारण' लिही, आणि जूनमध्ये केक कापू."

"पाद्री बस चालवतो का, डुएन?"

त्याचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं.

"म्हणजे... रात्री घेतेस. सकाळी तर..."

"सकाळीही. सोमवारी. कधी मंगळवारी. तोंडात पुदिन्याच्या गोळ्या."

"पोरं आत असताना?"

"बस रिकामी नेत नाहीत, डुएन. चव्वेचाळीस असतात."

त्याने कागद टेबलावरून दोन बोटांनी आपल्याकडे ओढला, ओला असल्यासारखा. मग माझ्याकडे बघितलं. त्याची नात माझ्याच बसने जाते, दुसऱ्या थांब्यावर चढते, रोज मला 'गुड मॉर्निंग' म्हणते. नुसता बघत राहिला, ओठ थोडा वाकडा करून, नाकाने श्वास घेत. ती नजर मला ओळखीची होती, ऑरिन. तुझ्या जज्जाकडे, ओड्राकडे, त्या हिरव्या केसांच्या पोरीकडे, मार्लिसकडे आणि आयुष्यभर तुझ्याकडे मी तशीच बघत आले. समोरून ती कशी दिसते ते मला काल पहिल्यांदा कळलं.

"किल्ल्या," तो म्हणाला. एवढंच.

मी किल्ल्या ठेवल्या. दुपारची फेरी त्याने दुसऱ्याला दिली. मी घरी चालत आले, चार मैल, टेशच्या शेतावरून. नवी खोपटी लावलीत, चौदा.

तुझ्या यादीतून माझं नाव काढू नकोस एवढ्यात.

व्हर्ना